डोलकराचं पुरं गाणं

काही गाणी आपण ऐकत नाही, ती नुसती कानावर पडतात. आमच्या आगरी-कोळ्यांच्या वस्तीत अशा गाण्यांमध्ये पहिला मान 'मी डोलकर'चा. हळद असो, वरात असो, नारळी पुनव असो, गणपती असो, शाळेचं गॅदरिंग असो नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस असो, वाजंत्री आली की हे गाणं आलंच. माझी साठी उलटली. भाताची किती पिकं काढली ते मी बोटं मोजून सांगेन, पण हे गाणं किती वेळा कानावर आलं त्याचा हिशेब कुणाला लागायचा नाही.

आता लोक त्याला वैतागतात. मानखुर्दला माझा पुतण्या आहे, तो तर म्हणतो, "काका, यो गाना आता बास झाला. कान किटले." कान किटले हे खरं आहे, माझेही किटले. पण ते गाण्यामुळे किटले की वाजवणाऱ्यांमुळे, याचा एकदा नीट झाडा घ्यावा म्हणून हे लिहायला बसलो. मी दहावीपर्यंत शिकलो. सुराचं शास्त्र मला येत नाही, राग ओळखता येत नाहीत. पण सुपात भात घेऊन पाखडलं की फोल कुठे उडतं आणि दाणा कुठे राहतो ते कळतं. तेवढ्याच अकलेवर हे गाणं पाखडून बघतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आमचं घर मानखुर्द गावातलं. आज मानखुर्द म्हटलं की लोकांना स्टेशन, हायवे आणि झोपडपट्टी एवढंच आठवतं. माझ्या लहानपणी हार्बरची गाडी मानखुर्दला येऊन संपायची. पुढे रूळ नव्हते. पुढे मिठागरं, खाजण, तिवराची झाडं आणि ठाण्याची खाडी. खाडीवरचा वाशीचा पूल झाला तो १९७३ साली, आणि आगगाडी खाडी ओलांडून वाशीला गेली ती १९९२ साली. त्याच्या आधी आमचं गाव म्हणजे मुंबईचं शेवटचं टोक. एका बाजूला तुर्भ्याचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे अणुशक्तीचं केंद्र, दुसऱ्या बाजूला चिखल. त्या चिखलात आमचा बापूस बांध घालून खारं भात पिकवायचा. भात निघालं की मिठागरावर मजुरी, आणि मधल्या वेळात पाग घेऊन खाडीत. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या. एकाच घरात शेतकरी, आगरी नि मासेमार असे तिघे नांदायचे, आणि तिघेही तोच एक माणूस असायचा.

पुढे ती जमीन गेली. कुणी घेतली, कशी घेतली, किती दिलं ती गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको. मिळालेल्या पैशात बापसाने पेणच्या खारेपाटात जमीन घेतली. भाऊ मानखुर्दला राहिला, मी पेणला आलो आणि भातशेतीत रमलो. पण लग्नकार्य सगळं मानखुर्दला. त्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा तरी मी तिकडे जातो, आणि गेलो की हे गाणं माझी वाट बघत असतंच.

हे गाणं पहिल्यांदा आलं ते रेडिओवर. मी शाळेत होतो. गावात रेडिओ मोजके. संध्याकाळी मुंबई केंद्रावर गाणी लागायची तेव्हा ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओटीवर माणसं जमायची. एक दिवस त्या डब्यातून आमच्यासारखं बोलणं ऐकू आलं. हे लिहिताना सोपं वाटतं, पण त्या वेळचं सांगतो. शाळेत आमची भाषा काढली की गुरुजी हसायचे नाहीतर छडी द्यायचे. आम्ही 'ळ' नाही म्हणत, 'ल' म्हणतो. 'ड'च्या जागी 'र' येतो. लुगड्याला लुगरा, घोड्याला घोरा, पाण्याला पानी. हे सगळं अशुद्ध, असंच आम्हाला शिकवलेलं. आणि इथे सरकारी रेडिओवर लता मंगेशकर आमच्यासारखं अशुद्ध गात होती! माझी आवस चुलीपुढून उठून दारात आली आणि म्हणाली, "यी कोनची पोर गं?" तिला वाटलं आमच्यातलीच कुणी आहे.

ती आमच्यातली नव्हती, आणि गाणं करणाऱ्यांपैकी कुणीच आमच्यातलं नव्हतं. शब्द शांता शेळके यांचे. बाई जन्मल्या इंदापूरला, पुणे जिल्ह्यात. तिथून दर्या किती लांब ते नकाशात बघा. पेशाने मराठीच्या प्राध्यापक. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. त्यांच्या घराण्याचं मूळ गोव्यातलं मंगेशी, म्हणजे समुद्राचा वारा थोडा तरी लागलेला. लताबाई त्यांची सख्खी बहीण. आणि पुरुषाचा आवाज हेमंतकुमारचा, म्हणजे बंगाली माणूस. एक देशावरची, दोन गोव्याकडची आणि एक बंगालचा, अशा चौघांनी मिळून कोळ्याचं गाणं केलं, आणि कोळ्यांनी ते आपलं म्हणून घेतलं. यातल्याच शांताबाई, हृदयनाथ आणि लताबाई यांनी 'राजा सारंगा' आणि 'वादळवारं' ही गाणीही त्याच वळणाची केली. पुढे १९७६ साली 'हा खेळ सावल्यांचा' नावाचा सिनेमा आला, त्यातल्या 'गोमू संगतीनं'लाही हृदयनाथांचीच चाल आणि हेमंतकुमारचाच आवाज. त्याचे शब्द सुधीर मोघ्यांचे.

काही शिकलेली पोरं आता म्हणतात की हे खोटं आहे. बाहेरच्यांनी आपली भाषा उसनी घेतली, नाव कमावलं, आपल्याला काय मिळालं? या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मी शेतकरी आहे. बी कुठून आणलं हे मी बघतो, पण त्याहून जास्त बघतो ते आमच्या खाऱ्या जमिनीत रुजतं का. पुष्कळ गोडं बियाणं आमच्या खाजणात जळून जातं. हे रुजलं, मग का रुजलं ते बघायला हवं.

पहिलं कारण भाषा. शांताबाईंनी नुसता 'ळ' काढून 'ल' घातला नाही. तसं नाटक-सिनेमावाले करतात, आणि ते ऐकलं की आमच्या अंगावर काटा येतो, कारण ती आमची नक्कल असते. शांताबाईंच्या गाण्यात शब्द जिथल्या तिथे बसलेत. कोळीण आपल्या चोळीचा रंग सांगते, केसातलं फूल सांगते, नाकातली नथ सांगते, गळ्यातलं सोनं सांगते. कोळणीला भेटलेला माणूसच असं लिहील. आमच्या बाया अशाच बोलतात. स्वतःचं कौतुक करताना लाजत नाहीत. बाजारात टोपली लावून बसणारी बाई लाजून कशी चालेल? मराठी गाण्यातली नायिका बहुतेक खाली मान घालून पायाच्या नखाने माती उकरत असते. ही तशी नाही. ही मान वर करून सांगते, मी कोण आहे ते बघ. गाण्यातली बाई खरी आहे, म्हणून आमच्या बायांनी ते उचललं.

दुसरं कारण हेमंतकुमारचा आवाज. आमच्याकडचा पुरुष गायला की घसा फोडून गातो, कारण त्याला वाऱ्यावर आवाज टाकायची सवय. हेमंतकुमार तसा गात नाही. तो जाड, शांत आवाजात गातो. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की हे चुकलं, इथे दणदणीत आवाज हवा होता. मग एकदा चुलत्याबरोबर रात्री खाडीत गेलो होतो तेव्हा उमजलं. होडीत माणूस ओरडत नाही. पाण्यावर आवाज आपोआप लांब जातो. तो एकटाच असला तर स्वतःशी गुणगुणतो, तोही वल्ह्याच्या ठेक्यात, दम राखून. हेमंतकुमारचा डोलकर त्या गुणगुणणाऱ्या माणसासारखा आहे. त्याची फुशारकी पण थकलेल्या माणसाची फुशारकी आहे.

आता त्या फुशारकीचंच बघू. गाण्यातला माणूस स्वतःला समुद्राचा राजा म्हणवतो. आणि लोक समजतात की डोलकर म्हणजे डोलणारा, होडीत बसून डोलतो म्हणून डोलकर. गॅदरिंगमध्ये पोरं तशीच डोलतात. पण डोल हे जाळ्याचं नाव आहे. पिशवीसारखं लांबच लांब, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं जाळं. समुद्रात खुंट ठोकून किंवा नांगर टाकून त्याचं तोंड पाण्याच्या ओढीसमोर उघडं बांधतात. भरती-ओहोटीची ओढ मासळी आत लोटते. बोंबील, जवळा, कोलंबी त्यात येते. वेसावा, अर्नाळा, सातपाटी हे त्यातले गडी. हे जाळं कधी ओढायचं ते माणूस ठरवत नाही. पाणी थांबलं की ओढायचं. रात्री दोन वाजता पाणी थांबलं तर दोन वाजता. पोरगं तापाने फणफणलेलं असो की घरात हळद असो, पाणी थांबलं की निघायचं. आता सांगा, असा माणूस कसला राजा? तो पाण्याचा गडी आहे.

मला हे कळलं तेव्हा हसू आलं, कारण शेतकऱ्यालाही असंच करतात. आम्ही बळीराजा. भाषणात राजा, पोवाड्यात राजा, आणि सात-बारा काढायला तलाठ्याच्या दारात सकाळपासून उभे. ज्याच्या हातात काही नसतं त्यालाच लोक राजा म्हणतात. पण एक फरक आहे. बळीराजा हे नाव आम्हाला दुसऱ्याने दिलं. गाण्यातला डोलकर स्वतःच स्वतःला राजा म्हणतो, आणि तेही आपल्या बाईसमोर. पाण्यापुढे आपलं काही चालत नाही हे माहीत असलेला माणूस घरच्या बाईपुढे राजा होतो. यात खोटेपणा नाही, यात माया आहे. आणि ती बाईही त्याला खोटं पाडत नाही.

कारण तिला माहीत आहे की तो कुठे जातो. त्याच गाण्यात पुढे एक कडवं आहे. त्यात समुद्राच्या धाकाचं वर्णन आहे, लाटांचं, वाऱ्याचं, होडीची काय गत होते त्याचं. आणि वाट बघणाऱ्या बाईचं. नथ, फूल, सोनं सगळं सांगून झाल्यावर हे येतं. आधी मौज, मग भीती. हा क्रम फार विचाराने लावलेला आहे. भीती आली की आधीच्या मौजेचा अर्थ बदलतो. आज नटून घ्यायचं, नाचून घ्यायचं, कारण उद्याचं पाण्याच्या हातात. हे कडवं काढलं तर उरतं काय? एक आनंदी माणूस आणि एक नटलेली बाई. जाहिरात करायला बरी.

माझी तक्रार इथून सुरू होते. कारण आज हे गाणं जिथे जिथे वाजतं तिथे हे कडवं नसतं.

याचा दोष कुणाचा? मला वाटतं दोष थोडा बँडचा आणि बराचसा आमच्या पायांचा. आमच्याकडे ब्रास बँड फार जुना. मी लहान असताना शेजारपाजारच्या पोरांचाच एक बँड होता. दिवसा कामावर जाणारी पोरं, रात्री देवळामागे तालीम. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, एक युफोनियम, ज्याला आम्ही पोरं भोंपू म्हणायचो, साइड ड्रम, मोठा ढोल आणि एकाच्या हातात खुळखुळा. बँडमास्तर अंगठाबहाद्दर, पण कान असा की एकदा रेकॉर्ड ऐकली की दुसऱ्या दिवशी चाल बोटात. त्याने 'मी डोलकर' बसवलं तेव्हा हेमंतकुमारचा भाग भोंपूला दिला आणि लताबाईंचा क्लॅरिनेटला. कुणी शिकवलं होतं त्याला? कुणी नाही. जाड आवाज जाड वाद्याला, बारीक आवाज बारीक वाद्याला. भोंपू गल्लीच्या या टोकाला आणि क्लॅरिनेट त्या टोकाला, असा सवाल-जबाब चालायचा. तेवढं चांगलं 'मी डोलकर' मी नंतर कुठल्याही वरातीत ऐकलं नाही.

पण वरातीला गाणं नको असतं, ठेका हवा असतो. मुखडा वाजला की पाय आपोआप उचलतात. कडवं आलं की शब्दांमागे जावं लागतं, पाय अडखळतात, मग नाचणारे ओरडतात, पहिल्यापासून घ्या! मास्तर पहिल्यापासून घेतो. असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी तो कडवं वाजवतच नाही. नवीन पोरगा बँडमध्ये येतो, तो मुखडाच शिकतो. वीस वर्षांनी त्या बँडमध्ये कडवं येणारा माणूसच उरत नाही. कुणी ठरवून हे केलं नाही. चरून चरून बांधावरचं गवत मुळापर्यंत जातं, तसं हे झालं.

गंमत अशी की वरातीतलं दुसरं न चुकणारं गाणं म्हणजे नागीण. रुमाल दातात धरून जमिनीवर लोळणारा एक तरी इसम प्रत्येक वरातीत असतोच. ती पुंगी १९५४ सालच्या 'नागिन' सिनेमातली, आणि त्या सिनेमाचं संगीत कुणाचं? हेमंतकुमारचंच. म्हणजे आमच्या वराती सत्तर वर्षं एका बंगाली माणसाच्या जिवावर चालल्या आहेत, आणि नाचणाऱ्या शंभरातल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नाही. आणि त्या पुंगीचंही तेच झालं. मूळ गाण्यात ती पुंगी एका बाईच्या मनातली ओढ सांगत येते. आम्ही बाई टाकून दिली आणि पुंगी ठेवली.

मुखडाच उरला म्हणजे काय गमावलं, हे मला एका वरातीत दिसलं. साल सांगत नाही, घरही सांगत नाही. गावातलं एक तरुण माणूस भाऊच्या धक्क्यावरच्या एका बोटीवर खलाशी होता. वादळात बोट गेली, तो परत आला नाही. दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. वरात त्याच दारावरून जायची. दारात त्या गेलेल्या माणसाची बायको उभी. मास्तर समजूतदार, दार जवळ आल्यावर त्याने हाताने खूण केली आणि बँड थांबला. सगळे गप्प. तेव्हा ती बाई पायरी उतरून पुढे आली आणि म्हणाली, "थांबलाव कनाला? वाजवा. डोलकर वाजवा. पन पुरा वाजवा."

मास्तराने वाजवलं. मुखडा दोनदा वाजला आणि संपला. ती तशीच उभी. तिने वाट बघितली. पुढे काही येईना. मास्तराने पोरांकडे बघितलं, पोरांनी मास्तराकडे. तेव्हा जुना मास्तर वारला होता, हा त्याचा पुतण्या. त्याला पुढचं येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. ती बाई काही बोलली नाही, घरात गेली. वरात पुढे गेली. नवरदेवसुद्धा खाली मान घालून चालत होता.

तिला काय हवं होतं ते मी तिला विचारलं नाही, विचारायची गोष्ट नव्हती. पण मला असं वाटतं की तिला त्या दिवशी गाण्यात तिची जागा हवी होती. नटलेल्या बाईच्या जागेवर ती आता उभी राहू शकत नव्हती. वाट बघणाऱ्या बाईची जागा गाण्यात होती, शांताबाईंनी ती राखून ठेवलेली होती, आणि आम्ही ती चरून टाकली होती.

मास्तर मनाला लावून घेणारा निघाला. त्याने कॅसेट आणून पावसाळ्यात पोरांकडून कडवं बसवून घेतलं. पुढच्या हंगामात दोन-तीन हळदींना मी ते ऐकलं. कडवं आलं की नाच थांबायचा, बाया मात्र पुढे सरकायच्या. काही म्हाताऱ्या क्लॅरिनेटबरोबर ओठ हलवायच्या. पण नाचणारी पोरं पैसे देणारी, म्हाताऱ्या फुकट ऐकणाऱ्या. दुसऱ्या हंगामात कडवं पुन्हा गेलं. आणि थोड्या वर्षांत बँडच गेला. बेंजो पार्टी आली, मग डीजे आला.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे की आमच्या घरचं खरं गाणं 'मी डोलकर' नव्हतंच. आमचं गाणं म्हणजे धवले. एके काळी आगऱ्यांत लग्न धवलारीण लावायची. तिच्या गाण्याशिवाय मांडवाची मेढ रोवली जात नव्हती, हळद दळली जात नव्हती, नवऱ्याला न्हाऊ घातलं जात नव्हतं. प्रत्येक कामाला वेगळा धवला. माझी आत्या धवलारीण होती. तिला एका रात्रीत पुरून उरतील एवढे धवले पाठ. लिहिलेलं एक अक्षर नाही. लाऊडस्पीकर आला तेव्हा ती म्हणाली, "त्या भोंग्याम्होरं माजा गला काय पुरंल?" तरी ती गात राहिली, आतल्या खोलीत, चार बायांत. बाहेर भोंग्यावर 'मी डोलकर', आत धवला. मी दोन्हीच्या मधे, उंबऱ्यावर. म्हणून पुष्कळजण म्हणतात की या गाण्याने धवल्यांना मारलं.

मला तसं वाटत नाही. धवल्यात आणि त्या गाण्यात भांडण नाही. धवला पण आधी सजवतो आणि मग रडवतो. मुलीच्या हळदीचं कौतुक करता करता शेवटाला तिचं घर सुटणार हे सांगतो. शांताबाईंनी धवला ऐकला होता की नाही ठाऊक नाही, पण गाण्याची घडण तीच आहे. आवशीला रेडिओवरचा आवाज ओळखीचा वाटला तो नुसत्या भाषेमुळे नव्हे, या घडणीमुळे. ते पुरं गाणं धवल्याचंच नातलग होतं. भांडण आहे ते नुसत्या मुखड्याशी. मुखडा रडवत नाही, मुखडा फक्त नाचवतो. आणि नुसतं नाचायचं ठरलं की धवलारणीची जागा घरात उरत नाही.

यावर उतारा शोधणारेही झाले. कॅसेटच्या जमान्यात 'वेसावकर आणि मंडळी' आले. काशीराम चिंचय आणि त्यांच्याबरोबरचे लोक वेसाव्याच्या कोळीवाड्यातले, खऱ्या डोलकरांच्या गावचे. त्यांची 'वेसावची पारू' घरोघर वाजली. तिथे भाषा उसनी नव्हती. आवाजात तालीम कमी, पण अंगणातली रग होती. बाहेरच्यांनी आमचं गाणं केलं या तक्रारीला ते उत्तर होतं, आणि चांगलं उत्तर होतं. पण नवल बघा, पारूचंही तेच झालं. वरातीला तिचाही मुखडाच हवा. गाणं घरच्याने केलं की बाहेरच्याने, वरात त्याला सारखंच कापते. म्हणून मी म्हणतो, गाणं कुणी केलं एवढंच विचारून भागत नाही. आपण त्याचं काय केलं तेही विचारा.

आमच्या पेणला नातीच्या शाळेत गॅदरिंग झालं. दर वर्षी एक कोळी नृत्य असतंच, आणि महाराष्ट्रात कुठेही जा, कोळी नृत्य म्हणजे हेच गाणं. पोरांना चौकड्यांच्या लुंग्या, लाल टोप्या, हातात पुठ्ठ्याची वल्ही, पोरींच्या डोक्यावर टोपली आणि टोपलीत प्लास्टिकचे मासे. समुद्र न बघितलेल्या गावांतही हे चालतं. मला याचा राग नाही. पोरं गोड दिसतात. पण ज्यांचा खरा सुरका आता घरात कुणी नेसत नाही, ज्यांच्या खाडीत कारखान्यांचं पाणी येऊन निवट्या मेल्या, ज्यांची खाजणं भराव टाकून गेली, त्यांची ओळख म्हणून हा पुठ्ठ्याचा दर्या जगभर फिरतो. मानखुर्दला आज खाडीवर जायचं तर कचरा आणि चिखल तुडवत जावं लागतं. राजा नाचतो आहे, आणि राज्य भरावाखाली गेलं आहे. कडवं कापलं जातं ते इथेही कुणाच्या तरी सोयीचं आहे. ज्याला समुद्राची भीती नाही, उद्याची चिंता नाही, असा आनंदी कोळी सगळ्यांना आवडतो. तो काही मागत नाही.

आता निवाडा सांगतो. गाणं फोल नाही, दाणा आहे. भाषा सच्ची, बाई सच्ची, आवाज जागच्या जागी, आणि मौजेच्या पोटात भीती ठेवलेली. पन्नास वर्षं वाजून जे मेलं नाही ते कच्चं असूच शकत नाही. किटलं ते गाणं नव्हे, त्याचं डोकं किटलं. धड आम्ही ऐकलंच नाही. एक खोट सांगायचीच तर एवढी की गाण्यात समुद्र आहे, खाडी नाही. आमच्यासारख्या पाग फेकणाऱ्या, बांध घालणाऱ्या, मीठ उचलणाऱ्या माणसाचं त्यात काही नाही. आम्ही त्या गाण्यात पाहुणे. आमचं गाणं कुणी केलं नाही, आणि करायचं तर आता आमच्याच पोरांनी करावं.

येत्या वैशाखात पुतण्याच्या मुलीची हळद आहे. डीजे ठरला आहे, त्याला माझी ना नाही. लग्न पोरांचं, मौज पोरांची, आणि 'झिंगाट'वर मीही दोन पाय टाकतो. पण मी पुतण्याला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. डीजे सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मांडवात भोंगा नको. आमच्या नात्यात एक शेवटची धवलारीण उरली आहे, सत्तरीची, तिला मधोमध पाट द्यायचा, आतल्या खोलीत नाही. आणि 'मी डोलकर' लावायचंच असेल तर एकदाच लावा, मूळ रेकॉर्ड लावा, पहिल्यापासून शेवटापर्यंत. मधे कुणी ओरडलं तरी बदलू नका.

पुतण्या म्हणाला, "पन काका, मदी नाचाला नाय भेटत."

मी म्हटलं, "म्हणूनच. तेवढा वेळ बसून ऐका."

तो हो म्हणाला आहे.